चंद्रासाठी पैजेचा विडा

इ. स. २०१८ च्या मार्च महिन्याच्या ३१ तारखेस एका फार मोठ्या पारितोषिकाची मुदत संपली आणि ते कोणाच्याही पदरी न पडता जिथल्या तिथे राहिले. 'एक्स प्राइझ' या अमेरिकेतील संस्थेने १३ सप्टेंबर २००७ रोजी त्याची घोषणा केली होती आणि त्यासाठी लागणारे तीन कोटी डॉलर 'गूगल' कंपनीने देऊ केले होते. पैजेच्या अटी वाचावयास सोप्या होत्या : मुख्यत्वे खाजगी पैशावर उभ्या राहिलेल्या कोणत्याही संघाने चंद्रावर एक यंत्र सुखरूप उतरवावे, तेथल्या भूमीवर ते निदान ५०० मीटर चालवावे, आणि तेथील स्पष्ट छायाचित्रे व चलच्चित्रे पृथ्वीवर पाठवावीत. हे प्रथम करील त्यास दोन कोटी डॉलर, दुसऱ्यास पन्नास लाख, आणि चंद्रावरील दीर्घ रात्र सोसून दाखवणे, पाण्याचा पुरावा मिळवणे, अपोलो मोहिमांच्या जुन्या तळांपर्यंत जाऊन तेथील अवशेष टिपणे अशा जादा कामगिऱ्यांसाठी उरलेली रक्कम, अशी वाटणी ठरली होती. तीसांहून अधिक संघांनी नावे नोंदवली, मुदत एकामागून एक वाढवण्यात आली, अखेरीस पाच संघ शिल्लक राहिले, आणि २३ जानेवारी २०१८ रोजी संस्थेनेच जाहीर केले की ठरल्या मुदतीत कोणाचेही यान पृथ्वीवरून निघू शकणार नाही.

नुसत्या जमाखर्चाच्या वहीत पाहिले, तर हा सारा खटाटोप निष्फळ ठरतो. परंतु त्यानंतरच्या सात वर्षांत याच पैजेत उतरलेल्या तीन संघांची याने चंद्राकडे निघाली. त्यांतील काही चंद्रावर आदळली, एक वाटेतच नादुरुस्त होऊन माघारी फिरले, आणि त्यांच्या मागून आलेल्या, पैजेशी संबंध नसलेल्या दोन कंपन्यांनी चंद्रभूमीवर आपली याने उतरवलीही. यास्तव या पैजेने नेमके काय साधले, ती कोठे अपुरी पडली, आणि ज्याच्या पाठीशी कोणत्याही सरकारचा खजिना नाही अशा हौशी कारागिराने चंद्राची आशा धरावी किंवा कसे, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

पैज लावून विमानविद्येस पुढे रेटण्याची रीत जुनी आहे. न्यूयॉर्क आणि पॅरिस यांच्या दरम्यान न थांबता उड्डाण करणारास पंचवीस हजार डॉलर देण्याचे रेमंड ऑर्टेग या हॉटेलमालकाने १९१९ साली जाहीर केले, आणि १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग याने सुमारे साडेतेहतीस तासांचे एकट्याचे उड्डाण करून ते पारितोषिक मिळवले. हाच कित्ता पुढे ठेवून पीटर डायमंडिस यांनी १९९६ साली एक कोटी डॉलरांची पैज मांडली. तीन माणसे मावतील अशा यानातून १०० किलोमीटर उंचीपर्यंत जावे आणि तेच यान दोन आठवड्यांच्या आत पुन्हा तितकेच उंच न्यावे, अशी तिची मुख्य अट होती. पुढे अन्सारी कुटुंबाच्या देणगीमुळे त्यांचेच नाव तिला मिळाले. बर्ट रुटान यांनी मोहावीच्या वाळवंटात बांधलेल्या 'स्पेसशिपवन' या यानाने २९ सप्टेंबर आणि ४ ऑक्टोबर २००४ या दोन दिवशी ती अट पुरी केली. या यानापायी पॉल अ‍ॅलन या धनिकाने दोन कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला, म्हणजे पैजेत मिळायच्या रकमेच्या दुपटीहून अधिक. पैजेचे खरे सामर्थ्य येथेच दिसून येते : देणारा एकदाच आणि एकासच देतो, परंतु त्या एका रकमेच्या आकर्षणाने अनेकजण आपापली बुद्धी, पैसा आणि आयुष्याची वर्षे त्या एकाच प्रश्नावर ओततात.

१०० किलोमीटरांची पैज आठ वर्षांत जिंकली गेली, तेव्हा चंद्राचीही त्याच रीतीने जिंकली जाईल असे अनेकांस वाटले. परंतु या दोन कामांमधील अंतर नुसत्या किलोमीटरांत मोजता येत नाही. सरळ वर जाऊन १०० किलोमीटरांची उंची गाठावयास यानास सेकंदाला सुमारे १.४ किलोमीटर इतका वेग पुरतो. पण पृथ्वीभोवती फिरत राहावयाचे असल्यास तोच वेग सुमारे ७.८ किलोमीटर असावा लागतो, आणि गतिजन्य ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे पहिल्या कामाच्या सुमारे तीसपट ऊर्जा दुसऱ्यास लागते. त्यानंतर चंद्राच्या दिशेने निघण्यासाठी सेकंदाला आणखी तीन किलोमीटरांची भर घालावी लागते. हा सारा वेग इंधन जाळून मिळवायचा, आणि ते इंधनही यानानेच वाहून न्यायचे, ही खरी मेख आहे. दूरच्या डोंगरवाटेवर निघालेल्या हमालास स्वतःच्या शिध्याचे ओझे वाहण्यासाठीच आणखी शिधा बरोबर घ्यावा लागावा, तशी अग्निबाणाची स्थिती असते. म्हणूनच चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या वजनातही मोठा वाटा इंधनाचाच असतो.

चंद्राजवळ पोहोचल्यावर अडचणींचे स्वरूप पालटते. पृथ्वीवर परतणाऱ्या यानास वातावरण रोधक म्हणून उपयोगी पडते आणि शेवटी हवाई छत्रीचा आधार घेता येतो. चंद्रावर वातावरणच नसल्याने या दोहोंपैकी काहीच उपलब्ध नसते. चंद्राभोवती खालच्या कक्षेत फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे १.७ किलोमीटर असतो, आणि तो सर्वच्या सर्व इंजिनाच्या उलट्या जोराने शून्यावर आणावा लागतो, तोही अशा हिशेबाने की वेग आणि उंची ही दोन्ही एकाच क्षणी संपावीत. इंजिन आधी थांबले तर यान कोसळते. उशिरा थांबले तर इंधन संपते. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर असल्यामुळे पृथ्वीवरून निघालेला संदेश तेथे पोहोचावयास सव्वा सेकंदाहून अधिक काळ लागतो आणि उत्तर यावयास तितकाच. यास्तव उतरण्याच्या त्या मोजक्या मिनिटांत पृथ्वीवरील माणसाने हुकूम देऊन यान सांभाळावे हे शक्य नसते. उंची किती, वेग किती, कल कोणत्या बाजूस आहे, याचा निवाडा यानास स्वतःच करावा लागतो, आणि त्याच्या उपकरणांनी खोटी साक्ष दिली तर ती सुधारावयास वेळ उरत नाही.

हे कसब पृथ्वीवर राहून शिकता येते काय? मोहावीच्या वाळवंटात काही माणसांनी ते शिकून दाखवले आहे. अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळसंस्थेच्या पैशावर २००६ पासून एक निराळी स्पर्धा चालत असे. अग्निबाणाच्या जोरावर उभे वर उठावे, ५० मीटर उंची गाठावी, ठरलेला वेळ हवेत तरंगावे, दुसऱ्या ठिकाणी अलगद उतरावे, आणि पुन्हा इंधन भरून तसेच परत यावे, असे तिचे स्वरूप होते. तिच्या वरच्या पायरीवर एका उड्डाणात १८० सेकंद हवेत राहावे लागे आणि उतरण्याची जागा चंद्रासारखी खडकाळ, खाचखळग्यांची केलेली असे. जॉन कार्मॅक यांचा टेक्सासमधील 'आर्माडिलो' संघ पहिल्यापासून या कामात होता आणि २००९ च्या सप्टेंबरमध्ये त्याने वरची पायरी पार केली. डेव्ह मास्टन यांच्या मोहावीतील लहानशा संघास या वरच्या पायरीवर ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत यश आले नव्हते. अखेरच्या दिवसांत त्यांच्या 'झोई' या यानास गळती लागून आग लागली. संघाने रात्रभर खपून ते दुरुस्त केले आणि ३० ऑक्टोबर रोजी दोन्ही उड्डाणे पुरी केली. ठरवून दिलेल्या खुणेपासून ते सरासरी १९ सेंटिमीटरांवर उतरले, तर प्रतिस्पर्ध्याचे सरासरी अंतर ८७ सेंटिमीटर होते. या अचूकतेच्या बळावर दहा लाख डॉलरांचे पहिले पारितोषिक मास्टन संघास मिळाले. अल्कोहोल आणि द्रवरूप प्राणवायू यांवर चालणारे, मोजक्या माणसांनी हातांनी जुळवलेले यंत्र तीन मिनिटे आगीच्या स्तंभावर तोल सांभाळून वीतभर अंतराच्या आत उतरते, ही गोष्ट ज्यांनी प्रत्यक्ष घडवली त्यांच्या कसबास मनापासून दाद द्यावी असेच ते काम होते.

चंद्राच्या पैजेत आपल्या देशाचेही नाव होते. माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवसायात असलेले राहुल नारायण आणि त्यांचे सोबती यांनी २०१० च्या अखेरीस, नोंदणीची मुदत संपत आली असता, 'टीम इंडस' या संघाचे नाव नोंदवले, तेव्हा अंतराळविद्येचा अनुभव असा त्यांच्यापाशी नव्हता. पुढे त्यांनी बंगळूर येथे ठाण मांडले. 'इस्रो'तून निवृत्त झालेले जाणते अभियंते तरुण मुलामुलींच्या शेजारी बसून त्यांचे आराखडे तपासू लागले. रतन टाटा, नंदन निलेकणी यांच्यासारख्यांनी पैसा घातला. २०१५ च्या जानेवारीत यान उतरवण्याच्या तंत्रातील प्रगतीबद्दल या संघास दहा लाख डॉलरांचे मधल्या टप्प्याचे पारितोषिक मिळाले. चंद्रावर चालणाऱ्या त्यांच्या चिमुकल्या गाडीस, म्हणजे रोव्हरला, त्यांनी 'एक छोटीसी आशा' असे नाव दिले होते आणि जपानच्या 'हाकुतो' संघाचा सुमारे चार किलो वजनाचा रोव्हरही त्याच यानातून न्यावयाचे ठरले होते. 'पीएसएलव्ही' अग्निबाणाचा करारही झाला. परंतु त्या प्रवासासाठी लागणाऱ्या पैशाची तरतूद पुरी होऊ शकली नाही आणि २०१८ च्या जानेवारीत तो करार संपुष्टात आला. सात वर्षे खपून केलेले काम पृथ्वीवरच राहिले, आणि त्याबरोबर जपानी सोबत्यांचेही.

इस्राएलच्या संघाची हकीगत याहून निराळी आहे. यारिव बाश, क्फिर दमारी आणि योनातन वाइनट्राउब या तीन तरुण अभियंत्यांनी 'स्पेसआयएल' ही संस्था काढून नोंदणीच्या अखेरच्या दिवसांत पैजेत उडी घेतली. पैज संपल्यावरही त्यांनी काम सोडले नाही; मॉरिस कान या दानशूर गृहस्थांनी आणि इस्राएलच्या विमाननिर्मिती संस्थेने त्यांस हात दिला, आणि सुमारे दहा कोटी डॉलर खर्चून तयार झालेले 'बेरेशीट' हे यान २०१९ च्या फेब्रुवारीत इंडोनेशियाच्या एका दळणवळण उपग्रहाबरोबर त्याच अग्निबाणातून निघाले. स्वतंत्र अग्निबाण परवडण्यासारखा नव्हता. म्हणून पृथ्वीभोवती अधिकाधिक लांबट फेऱ्या घेत, दर फेरीस कक्षा थोडथोडी वाढवीत, सुमारे सहा आठवड्यांनी ते चंद्राच्या कक्षेत शिरले. निघतेवेळी त्याचे वजन ५८५ किलो होते आणि त्यातील केवळ दीडशे किलो यंत्राचे, बाकीचे सारे इंधनाचे. ११ एप्रिल रोजी ते उतरू लागले. सुमारे बावीस किलोमीटर उंचीवरून त्याने स्वतःचे आणि चंद्रभूमीचे छायाचित्र पाठवले. मग यानाचा कल व गती मोजणाऱ्या दोन उपकरणांपैकी एक बंद पडले. ते पुन्हा सुरू करण्यासाठी पाठवलेल्या आज्ञेने संगणक पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत गेला आणि मुख्य इंजिन थांबले. इंजिन पुन्हा पेटेपर्यंत उंची संपत आली होती. पृथ्वीवर आलेल्या अखेरच्या नोंदीत उंची १४९ मीटर होती आणि यान सेकंदाला १३० मीटरांहून अधिक वेगाने खाली येत होते. पैज मुदतबाह्य झाली असूनही एक्स प्राइझ संस्थेने या संघास दहा लाख डॉलर देऊन गौरवले.

जपानच्या हाकुतो संघामागे 'आयस्पेस' ही कंपनी होती. ताकेशी हाकामादा यांच्या नेतृत्वाखाली तिने स्वतःचे यान बांधले आणि २६ एप्रिल २०२३ रोजी, जपानी वेळेप्रमाणे, ते चंद्रावर उतरावयास निघाले. वाटेत एका मोठ्या विवराचा कडा ओलांडताना खालची जमीन एकदम सुमारे तीन किलोमीटर खोल गेली. उंचीमापकाने ती खरी खोली दाखवली, पण यानाच्या संगणकाने इतका मोठा फरक अशक्य मानून ती नोंद सदोष ठरवली आणि स्वतःच्या अंदाजावर विसंबून राहिला. आपण भूमीस टेकलो अशी यानाची समजूत झाली तेव्हा ते प्रत्यक्षात पाच किलोमीटर उंचीवर होते. तेथेच मंदावून इंधन संपेपर्यंत ते थांबले आणि मग खाली पडले. उतरण्याची जागा मध्यंतरी बदलण्यात आली होती आणि नव्या मार्गावरील भूप्रदेशाचा पुरेसा अभ्यास झाला नव्हता, हे कंपनीने आपल्या अहवालात मोकळेपणाने सांगितले. तिचे दुसरे यानही २०२५ च्या जूनमध्ये आदळले. या वेळी उंची मोजणाऱ्या लेझर उपकरणाने वेळेवर माप दिले नाही. उतरणीची शेवटची काही मिनिटे मोठमोठ्या देशांनाही चुकवतात, हे आपण स्वतःच ७ सप्टेंबर २०१९ रोजी 'चांद्रयान-२'च्या विक्रम यानाच्या बाबतीत अनुभवले आहे, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजीचे 'चांद्रयान-३'चे यश त्या अनुभवाच्या कसून केलेल्या तपासणीतूनच आले.

या सर्व हकीगती शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे पैजेची मर्यादा ध्यानी येते. पैजेचे पैसे काम पुरे झाल्यावर मिळतात, आणि चंद्राच्या कामात सर्वांत मोठा खर्च काम पुरे होण्याच्या आधीच, अग्निबाणाच्या भाड्याच्या रूपाने, एकरकमी समोर येतो. विमानाच्या काळी धाडसी वैमानिक काही मित्रांच्या वर्गणीवर यंत्र मिळवू शकत असे; येथे यंत्र तयार होऊनही ते नेण्याची सोय नसते. शिवाय पैज एकदाच जिंकायची असते, आणि चंद्रावर उतरणे तर अशी विद्या आहे की ती पहिल्या प्रयत्नास क्वचितच वश होते. पहिले यान आदळल्यावर दुसरे बांधावयास जो पैसा आणि धीर लागतो, तो पैज देऊ शकत नाही. तो देते ते कायमचे गिऱ्हाईक. ही गोष्ट ओळखूनच नासाने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये नवा मार्ग धरला : आपली वैज्ञानिक उपकरणे चंद्रावर पोहोचवण्याचे काम खाजगी कंपन्यांना ठेक्याने द्यावयाचे, यान कसे बांधावे हे त्यांच्यावर सोपवावयाचे, आणि ठरलेले भाडे टप्प्याटप्प्याने चुकते करावयाचे. प्रथम निवडलेल्या नऊ कंपन्यांत पैजेतील 'अ‍ॅस्ट्रोबॉटिक' व 'मून एक्सप्रेस' आणि मोहावीची मास्टन कंपनी यांचा समावेश होता, आणि टीम इंडसचा आराखडा घेऊन पुढे आलेल्या एका अमेरिकन कंपनीसही पहिल्या ठेक्यांपैकी एक मिळाला होता, जरी तिला तो लवकरच सोडावा लागला. अ‍ॅस्ट्रोबॉटिकचे 'पेरेग्रिन' यान २०२४ च्या जानेवारीत इंधनगळतीमुळे चंद्रापर्यंत पोहोचले नाही. पुढच्याच महिन्यात 'इंट्युइटिव्ह मशीन्स' कंपनीचे 'ओडिसियस' चंद्रावर उतरले, पण कलंडले. २ मार्च २०२५ रोजी 'फायरफ्लाय' कंपनीचे 'ब्लू घोस्ट' मारे क्रिसियम या विस्तीर्ण मैदानात ताठ उभे उतरले आणि सुमारे दोन आठवडे, म्हणजे तेथील सूर्यास्तापर्यंत, त्याने आपले काम चोख बजावले. मास्टन कंपनीचे मात्र २०२२ साली दिवाळे निघाले, आणि तिची मालमत्ता अ‍ॅस्ट्रोबॉटिकने विकत घेतली. माणसांनी कमावलेली विद्या अशा रीतीने एका दारातून दुसऱ्या दारात गेली.

हौशी माणसाच्या वाटेत कायद्याचीही एक बाब आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार खाजगी व्यक्तींच्या अंतराळातील उद्योगांची जबाबदारी त्यांच्या देशावर असते; यास्तव सरकारच्या परवान्याखेरीज आणि सततच्या देखरेखीखेरीज कोणासही चंद्राकडे यंत्र पाठवता येत नाही. मून एक्सप्रेसला २०१६ साली अमेरिकन सरकारची अशी परवानगी प्रथमच मिळाली. अपोलो तळांना भेट देण्याच्या कल्पनेमुळे आणखी एक प्रश्न उभा राहिला : नव्या यानाच्या झोताने उडालेली धूळ त्या जुन्या पाऊलखुणा पुसून टाकील काय? म्हणून नासाने २०११ साली सूचना प्रसिद्ध करून त्या स्थळांभोवती किती अंतर राखावे हे सुचवले. स्पर्धेने असे प्रश्न वेळेआधी विचारावयास लावले, ही तिची सेवा लहान मानता येणार नाही.

मग ज्यास खरोखर हौशी म्हणता येईल, जो नोकरी सांभाळून रात्री आणि रविवारी काम करतो, त्याने कोणती आशा धरावी? कोपनहेगनमध्ये २००८ पासून काही स्वयंसेवक लोकांच्या देणग्यांवर माणूस नेणारा अग्निबाण बांधण्याच्या उद्योगात आहेत. २०१० साली बाल्टिक समुद्रात तरंगत्या फलाटावर त्यांचा पहिला अग्निबाण उभा राहिला, तेव्हा द्रवरूप प्राणवायूची झडप गोठू नये म्हणून बसवलेल्या, केस वाळवण्याच्या साध्या यंत्राची वीज संपली, झडप गोठली आणि उड्डाण झाले नाही. पुढच्या वर्षी तोच प्रयत्न पुन्हा करून त्यांनी सुमारे २.८ किलोमीटरांची उंची गाठली. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील ब्लॅक रॉक वाळवंटातून १७ मे २००४ रोजी हौशी मंडळींचा एक अग्निबाण १०० किलोमीटरांच्या पलीकडे गेला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१९ साली हीच मर्यादा ओलांडली आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे १४३ किलोमीटरांपर्यंत मजल मारली. ही उंची विशीतल्या मुलामुलींच्या हातून गाठली गेली, याचे महत्त्व मोठे आहे. परंतु वर सांगितलेला ऊर्जेचा हिशेब ध्यानी घेता, केवळ स्वतःच्या अग्निबाणाने चंद्र गाठण्याची आशा अशा मंडळींनी निदान आपल्या पिढीत धरू नये, हेही तितकेच खरे.

त्यांची वाजवी आशा दुसऱ्या दिशेस आहे, आणि ती फळासही आली आहे. १२ डिसेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातील हौशी रेडिओवाल्यांनी आपल्या घरच्या कार्यशाळांत बांधलेला 'ऑस्कर-१' हा सुमारे साडेचार किलोचा उपग्रह अमेरिकन वायुदलाच्या अग्निबाणावर, तोल साधण्यासाठी ठेवायच्या निर्जीव वजनाच्या जागी बसून कक्षेत गेला. सुमारे तीन आठवडे तो तारायंत्राच्या भाषेत दोन अक्षरे पाठवीत राहिला आणि अठ्ठावीस देशांतील पाचशेंहून अधिक हौशी लोकांनी ती ऐकून कळवली. याच परंपरेतून २०१८ साली चीनच्या हार्बिन येथील विद्यापीठाचा 'लाँगजियांग-२' हा लहान उपग्रह, विद्यार्थ्यांनी बांधलेला कॅमेरा आणि हौशी रेडिओयंत्र घेऊन, चंद्राच्या कक्षेत शिरला. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याने चंद्राची आपल्यास कधीही न दिसणारी बाजू आणि तिच्यामागे पृथ्वी, असे दोहोंचे एकत्र चित्र टिपले. ते पृथ्वीवर उतरवून घेतले नेदरलँड्समधील द्विंगेलो येथील पंचवीस मीटर व्यासाच्या जुन्या रेडिओ दुर्बिणीने. १९५६ साली उभी राहिलेली ही दुर्बीण आता स्वयंसेवकांच्या देखभालीवर चालते. अग्निबाण दुसऱ्याचा, उपग्रह विद्यापीठाचा, आणि संदेश झेलणारे कान हौशी लोकांचे : हौशी माणसाचा हात चंद्रापर्यंत पोहोचला तो या वाटेने.

आपल्याकडे या विचारास आता व्यवहारात उतरवण्याचा काळ आला आहे. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातील कारागीर 'इस्रो'साठी विकास इंजिने घडवीत आले आहेत, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरात अग्निबाणांची पोलादी कवचे तयार होतात. म्हणजे चंद्राच्या प्रवासाला लागणारे हातांचे कसब महाराष्ट्राच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. २०२० पासून अंतराळक्षेत्र खाजगी उद्योगास खुले झाले आणि १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या 'स्कायरूट' कंपनीचा अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडालाही. अशा वेळी बंगळूरच्या त्या संघाची कैफियत नीट वाचून काही तजवीज करणे शहाणपणाचे ठरेल. विद्यार्थ्यांसाठी आणि लहान संघांसाठी मोहावीसारख्या पायरीपायरीच्या स्पर्धा ठेवाव्यात, ज्यांत उतरण्याचे कसब जमिनीवरच कमावता येईल. सरकारी अग्निबाणांवर रिकामी राहणारी जागा त्यांच्या उपकरणांसाठी राखून ठेवावी, म्हणजे भाड्याच्या पायी तयार यंत्र पडून राहणार नाही. जे उपकरण कामास येईल त्याच्या सेवेचे रीतसर गिऱ्हाईक सरकारने व्हावे. आणि प्रत्येक अपयशाचा अहवाल, जपानी कंपनीने केला तसा, उघड प्रसिद्ध करण्याची अट घालावी. चंद्राच्या पैजेतील रक्कम कोणास मिळाली नाही याचे दुःख करण्याचे कारण नाही. तिने गोळा केलेली माणसे मात्र पैसा आटल्यावर पांगू दिली, तर ते नुकसान कोणत्याही खजिन्यातून भरून येणार नाही.